तिसरा हुक

रसायनशास्त्राच्या जुन्या दगडी इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. खोलीला पूर्वेकडची एकच खिडकी, आणि खिडकीच्या वरच्या लाकडात तीन हुक. पहिल्या हुकाला थोरले मिस्त्री टांगलेले, दुसऱ्याला चष्मेवाले, आणि तिसरा रिकामा. तो माझ्या बाबांचा.

वाचून दचकू नका, माणसं नव्हती टांगलेली. त्यांचे श्वास होते.

विद्यापीठ नवं होतं तेव्हा प्रयोगशाळेची काच बोटीनं यायची म्हणे. पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यांतून. खोकी उघडली की अर्धा पेंढा आणि अर्धा चुरा. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की काच आणण्यापेक्षा काच फुंकणारा आणावा, तो वाटेत फुटत नाही. तसे थोरले मिस्त्री आले. जिन्याखाली त्यांनी स्टूल मांडलं, पायानं चालवायचा भाता बसवला, आणि उभं आयुष्य नळ्या, चंबू आणि वाकड्या मानेची भांडी फुंकण्यात घालवलं. कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एक नळी घेतली, ज्योतीत तापवली, एका श्वासात तिचा संत्र्याएवढा फुगा केला, आणि मान वितळवून तो कायमचा बंद केला. मानेचाच आकडा वळवला. म्हणाले, "मी निघालो. श्वास इथंच ठेवतो. घरी त्याला काही काम नाही." त्यांच्या हाताखाली तयार झालेले चष्मेवाले. त्यांनी तो फुगा खिडकीत टांगला.

तेव्हापासून रीत पडली. फुगा एका श्वासातच व्हायला हवा, मध्ये दम घेतला तर तो मोडीत. आणि आपला फुगा आपण टांगायचा नाही. आपल्यामागं त्या स्टुलावर जो बसेल तो टांगणार, आणि एकदा टांगला की सांभाळणं त्याच्याकडे लागलं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. जिन्याखालच्या गोष्टी लिहायला वरच्या मजल्यांना सवड कुठं असते?

चष्मेवाल्यांचा फुगा बाबांनी टांगला तेव्हा मी शाळकरी होते. डबा पोचवायला गेले होते, म्हणून बघायला मिळालं. बाबा टेबलावर चढले, हुकात आकडा अडकवला, दोन्ही हात फुग्याखाली तसेच धरून बराच वेळ उभे राहिले. मग खाली उतरले. दोघं एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले, जसं काही बाहेर फार महत्त्वाचं चाललंय. बाहेर एक कुत्रं झोपलं होतं.

"सांभाळशील," चष्मेवाले म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो," बाबा म्हणाले.

बाबांना मुलं फुंकरकाका म्हणायची. कुणाचं भांडं तडकलं की ते पोर डोळ्यांत पाणी आणून जिन्याखाली यायचं आणि बाबा म्हणायचे, "रडतोस कशाला, काचच आहे, काळीज नाही. ठेव तिथं, उद्या ये." शाळा सुटली की मी तिथंच. भाता हाणायचं काम माझं. भाता नीट हाणला तर ज्योत निळी आणि टोकदार होते, ढिलाई केली तर पिवळी आणि आळशी. पुढं त्यांनी मला काच फिरवायला शिकवलं. आधी पेन्सिल, मग छडी, मग थंड नळी, आणि कितीतरी महिन्यांनी तापलेली नळी. दोन्ही हातांनी सारखं फिरवत राहायचं, एक हात पुढं गेला की काच मुरगळते. थांबलं की लोंबते. "काचेला विश्रांती द्यायची नाही," ते म्हणायचे, "तिला विश्रांती मिळाली की ती विचार करायला लागते."

मला जमत होतं. म्हणून त्यांनी एकदा वर जाऊन विचारलं, माझ्या हाताखाली मुलगी घेतली तर चालेल का? वरचे हसले. वाईट हसले नाहीत, गंमत वाटल्यासारखे हसले. त्याचा राग जास्त दिवस टिकतो.

मग कंपन्यांच्या काचा खोक्यांतून यायला लागल्या, न फुटता. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी नेमलंच नाही. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बाबांनी त्या दिवशी फुगा केला नाही. "टांगायला कोण आहे?" म्हणाले आणि स्टूल पुसून, भात्यावर फडकं घालून घरी आले.

माझं विचाराल तर मागच्या फाटकाबाहेर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. मुलं झेरॉक्सताई म्हणतात. मध्ये एक लग्न झालं होतं, पटलं नाही. एवढ्या एका वाक्यात ते मावतं, म्हणून इथंच संपवते. शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं, पण या विद्यापीठाचे प्रबंध माझ्याइतके कुणी वाचले नसतील. मार्गदर्शकांनी तर नाहीच. पानं जुळवता जुळवता वाचायची सवय लागली. उंदरांची आतडी, सम्राटांचे करार, पुलांचे खांब, सगळं थोडं थोडं माहीत झालं. प्रत्येकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो. आधी मी तोच वाचते. जुन्या रसायनशास्त्रवाल्यांच्या प्रबंधांत कधी कधी 'काचकामाबद्दल' अशी अर्धी ओळ सापडायची. बाबांना दाखवली की ते चष्मा लावून वाचायचे, आणि पुन्हा वाचायचे.

गेल्या वर्षी बाबांची छाती गेली. ज्योतीपुढची धूळ आणि धूर, आयुष्यभर साठवलेला. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला, नाकाला नळी आली. दवाखान्यातून एक प्लास्टिकचं खेळणंही मिळालं, तीन गोळ्यांचं. श्वासानं गोळे वर उचलायचे. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"फुंकायचं?"

"नाही बाबा, ओढायचं. आत ओढलं की गोळा वर जातो."

"जन्मभर फुंकलं," ते म्हणाले, "आणि आता म्हणतात ओढा. सगळं शास्त्रच उलटं झालंय." एक गोळा कसाबसा हलायचा. दुसऱ्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत, शेजाऱ्याची मालमत्ता असल्यासारखे.

अशाच एका दुपारी मी त्यांच्या पलंगापाशी पानं जुळवत बसले होते. ते छताकडे बघत म्हणाले, "माझा फुगा राहिला."

मी हातातली पानं खाली ठेवली. "टांगणार कोण, असं तुम्हीच म्हणालात."

"तू आहेस की."

"मी कुठं त्या स्टुलावर बसले? मी नुसता भाता हाणायचे."

"काच फिरवायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग झालं. त्यांनी नेमलं नाही म्हणून मी शिकवलेलं पुसलं जातं का?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. धाप ओसरल्यावर म्हणाले, "फार दिवस नाहीत पोरी. श्वास आहे तोवर ठेवून येऊ."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी विद्यापीठात गेले.

विद्यापीठाला दीडशे वर्षं होत होती आणि सगळीकडे उत्सवाची धांदल होती. संस्थापकांच्या पुतळ्याला अंघोळ घातली होती. ग्रंथालयाच्या पायऱ्या इतक्या वर्षांच्या पावलांनी मध्ये वाटीसारख्या खोल झाल्या होत्या, त्या सिमेंटनं भरून सपाट केल्या होत्या. मी एका पायरीवर पाय टाकून बघितला, म्हटलं, म्हातारी माणसं पडत असतील. सगळ्या सोहळ्याचं काम एका तरुण प्राध्यापिकेकडे होतं. इतिहासाच्या बाई. बाई गोड होत्या, धावपळीनं डोळ्यांखाली काळं झालेलं, मनगटात रबरबँड, कानावर पेन्सिल. त्यांचीच स्मरणिका माझ्याकडे बांधायला यायची होती.

"झेरॉक्सताई, बरं झालं आलात! चला, तुम्हाला एक गंमत दाखवते."

हात धरून त्यांनी मला सभागृहाच्या दाराशी नेलं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा लटकत होता. काचेचे गोल. आत बारीक पिवळे बल्ब, उगवत्या उन्हासारखे. डावीकडच्या काचेत जरा हिरवट झाक होती. ती झाक मला ओळखीची होती. थोरल्यांच्या काळची काच तशीच असायची.

"जिन्याखालच्या खोलीत सापडले," बाई म्हणाल्या. "धुळीत पडून होते हो नुसते. इतके सुंदर! मी म्हटलं, यांना उजेडात आणायचं. खाली भोक पाडून घेतलं, आत दिवे सोडले. कशी वाटते कल्पना?"

मी टाचा उंचावून खालच्या भोकाची कड बोटानं चाचपली. शेवटी म्हटलं, "ते रिकामे नव्हते."

"अं? काय होतं आत?"

बाजूनं मुलं शिडी घेऊन चालली होती, कुणीतरी माइक तपासत हॅलो हॅलो करत होतं. "हवा," मी म्हणाले.

बाई हसल्या. "हवा काय ताई, सगळीकडेच असते."

त्यांचं काय चुकलं? त्यांना दीडशे वर्षांचा सगळा इतिहास पाठ होता. जेवढा लिहिलेला होता तेवढा.

घरी आले. बाबा उशीला टेकून दाराकडेच डोळे लावून बसले होते.

"आहेत ना दोघं?"

"चहा टाकते आधी."

"फुटले?"

"नाही फुटले."

"मग चहा कशाला?" ते म्हणाले. चाळीस वर्षं ज्यानं काचेतला ताण नुसत्या नजरेनं ओळखला, त्याला मुलीच्या तोंडावरचा ओळखता येणार नाही होय? मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. भोक, बल्ब, सभागृह, सगळं.

सिलिंडरचा बारीक फुसफुस आवाज तेवढा येत राहिला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मी टांगला होता," भिंतीला म्हणाले. "मी हो म्हटलं होतं त्यांना."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही दोन घास. मी म्हटलं, "बाबा, त्यात तुमचा काय दोष? तुम्ही तर पलंगावर आहात." त्यावर त्यांनी नुसता हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. संध्याकाळी मी केस विंचरून देत होते तेव्हा अचानक विचारलं,

"भोक कसं पाडलंय?"

"गोल आहे. कड घासलीय."

"चीर गेलीय का कुठं?"

"नाही."

"इतक्या जुन्या काचेला चीर न जाता भोक पाडलं," बाबा म्हणाले. "चांगला कारागीर दिसतो." आणि मग ते रडले. मी बाबांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. रडायलाही श्वास लागतो. तो पुरत नव्हता, म्हणून ते तुटक तुटक, उचक्या लागल्यासारखं रडत होते. मी फणी हातात धरून तशीच उभी.

बरं वाटल्यावर म्हणाले, "माझा करू."

"कशाला बाबा? त्यालाही भोक पाडतील."

"तुझ्या हातात असताना?"

आमचं ठरलं.

बाईंना मी एवढंच म्हटलं की बाबांना एकदा त्यांची खोली बघायची आहे, थोडं काम करायचं आहे. त्या आनंदल्या. "आपण छोटासा व्हिडिओ करू या का? सोहळ्यात लावता येईल."

"नको बाई. त्यांच्याकडे श्वास मोजका आहे. त्यातला लाजण्यात जायला नको."

त्यांनी लगेच मान हलवली आणि पहारेकऱ्याला किल्ली द्यायला सांगितली. पहारेकरी बाबांच्या ओळखीचा. त्यानं आणि मी मिळून बाबांना खुर्चीसकट उचलून नेलं.

"काका, वजन कुठं गेलं तुमचं?" तो म्हणाला.

"हप्त्याहप्त्यानं परत केलं," बाबा म्हणाले.

खोली तशीच होती. प्रदर्शनात ठेवायची म्हणून टेबल पुसलं होतं, भात्याला तेलसुद्धा दिलं होतं. फक्त काच निववायची, सावकाश थंड करायची भट्टी भंगारात गेली होती, आणि खिडकीतले तीनही हुक रिकामे होते. बाबांनी वर बघितलं, मग नजर खाली घेतली. मी घरून चहाचा छोटा गॅस सिलिंडर आणला होता, तो ज्योतीच्या नळीला जोडला. बाबांचा ऑक्सिजन मात्र दाराबाहेर ठेवावा लागणार होता. ज्योतीच्या आसपास तो चालत नाही.

"उलट आत आण," बाबा म्हणाले. "ज्योतीला लाव. काय झकास तापेल!"

"बाबा, तो तुमच्यासाठी आहे."

"मग मलाच वापरायचाय ना?"

मी त्यांच्या नाकातली नळी काढली. पहारेकऱ्याला सिलिंडर घेऊन बाहेर उभं केलं. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता. जे करायचं ते चटकन करायला हवं होतं. स्टुलावर मी बसले. त्या स्टुलावर मी पहिल्यांदा बसत होते. पाय भात्यावर गेला आणि आपोआप हलायला लागला. ज्योत आधी पिवळी, मग निळी, मग तिला ते टोक आलं. काचेच्या नळीच्या मागच्या टोकाला रबरी नळी, आणि तिचं दुसरं टोक बाबांच्या ओठांत. फिरवणार मी, फुंकणार ते.

माझी एक चूक झाली. मला फुगा संत्र्याएवढा हवा होता, थोरल्यांच्या आणि चष्मेवाल्यांच्या तोडीचा. म्हणून मी काच भरपूर तापवली, टोकाशी मोठा गोळा जमवला. तो लाल झाला, मऊ झाला, मधासारखा हलायला लागला. मी ज्योतीबाहेर काढला आणि म्हणाले, "फुंका."

बाबांनी फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या, डोळे पाणावले. काच हलली नाही. गोळ्याच्या पोटात वाटाण्याएवढा बुडबुडा धरला आणि तेवढ्यावर ती घट्ट झाली. बाबांचे ओठ नळीवरून सुटले. ते पुढं वाकले, खोकले. पहारेकरी बाहेरून ओरडला, "ताई, पुरे!" मी सिलिंडरकडे धावले, त्यांना नळी लावली, पाठ चोळत राहिले. टेबलावर ठेवलेला तो जाड गोळा थंड होता होता टिक करून उभा चिरला.

"बोलली," बाबा म्हणाले. काच अशी चिरली की ते तसंच म्हणायचे.

"माझा अंदाज चुकला बाबा."

ते दम खात होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू तुझ्या लहानपणचे बाबा धरून काच घेतलीस. आता आहे त्या बाबाची घे."

मला तेव्हा रडायला यायला हवं होतं, पण हातात काम होतं. मी बारीक नळी निवडली. टोकाशी थोडीशीच काच जमवली, सुपारीएवढी. बाबांनी स्वतःच नाकातली नळी काढली आणि पहारेकऱ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाले, जा. मी फिरवत राहिले. एक हात पुढं नाही, एक हात मागं नाही. ज्योतीबाहेर काढलं आणि या वेळी मी फुंका म्हटलं नाही. ते माझ्याकडे नाही, काचेकडे बघत होते. काच तयार झाली तो क्षण त्यांना माझ्याआधी कळला. त्यांनी हळू फुंकलं. लहान बाळाच्या डोळ्यांतलं कुसळ काढताना घालतात तशी फुंकर. काच फुलली. लिंबाएवढी झाली, आणि तिथंच त्यांचा श्वास संपला. दुसरा त्यांनी घेतला नाही, ओठ मिटून धरले. मी मानेवर ज्योत लावली, ओढली, बंद केली. आकडा वळवला.

मग त्यांनी दम घेतला.

निववायला भट्टी नव्हती. भाता थांबवून मी ज्योत पिवळी केली आणि त्या आळशी ज्योतीत फुगा फिरवत राहिले, काळा कुळकुळीत होईपर्यंत. काजळी धरली की काच सावकाश थंड होते. मग तो डब्यातल्या कोमट राखेत पुरला.

"ताण राहणार," बाबा म्हणाले. नळी लावल्यावर त्यांना बोलता येत होतं. "राखेत भागत नाही. आज नाही बोलणार. पण कधी तरी..."

"कधी?"

"ते काचेला विचार. वर्षभरानं, दहा वर्षांनी. दार आपटलं, थंडी पडली, की बोलेल. नाहीतर नाही बोलणार, मुकाट राहील. पातळ आहे, पातळ काच सहन करते जास्त."

निघताना मी टेबलावर चढून तिसरा हुक पिरगळून काढला. पहारेकऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं, जसं काही बाहेर फार महत्त्वाचं चाललंय.

फुगा दुसऱ्या दिवशी राखेतून निघाला. काजळी पुसली तर आत स्वच्छ, जरासा तिरपा, बाबा हसताना तोंड वाकडं करायचे तसा. दुकानात, यंत्रापासून लांब, प्रबंधांच्या मांडणीच्या वर मी हुक ठोकला. बाबांना खुर्चीवर बसवून दाखवलं. मी आकडा अडकवला आणि दोन्ही हात खाली धरून उभी राहिले. काढवेनात.

"सांभाळशील," बाबा म्हणाले.

"हो."

सोहळ्याच्या आठवड्यातच ते गेले. शेवटी दवाखान्यात होते. परिचारिकेनं नाकातली नळी काढली, सिलिंडरची चावी फिरवली, आणि तो फुसफुस आवाज थांबला तेव्हा मला कळलं की इतके महिने मी त्या आवाजावर झोपत होते.

स्मरणिका मीच बांधली. कुणाला सांगणार, वेळेवर हवी होती. एका पानावर त्या दोन दिव्यांचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'प्रयोगशाळेतील जुनी काचपात्रे, नव्या तेजात'. मी ते पान बाकीच्या पानांसारखंच जुळवलं.

सोहळा आटोपल्यावर बाई दुकानात आल्या. बाबांचं कळलं होतं त्यांना, पहारेकऱ्याकडून सगळंच कळलं होतं. हातात पुठ्ठ्याचं खोकं, आत कापूस, कापसात दोन्ही फुगे. वायरी काढलेल्या. त्या बराच वेळ खोकं धरूनच उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भोक पाडून झालं होतं बाई."

त्यांनी खाली घातलेली मान वर केली नाही. "पुन्हा बंद करता येईल?"

"येईल. मला जमतं ते."

"मग..."

"पण मग आत त्यांचा नसणार. माझा जाईल."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. डोळे पुसून त्यांनी वर बघितलं, मांडणीच्या वर.

"हा?"

"हे बाबा."

त्यांनी हात पुढं केला नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, "हे मी कुठं तरी लिहून ठेवू का?"

"लिहा की," मी म्हटलं. "फक्त नंतर माझ्याकडेच बांधायला द्या."

थोरले आणि चष्मेवाले आता माझ्याकडेच आहेत. आणखी दोन हुक ठोकले. त्यांची भोकं मी बुजवली नाहीत, भोकं खाली करून टांगलेत. त्यांना आता धोका कसलाच नाही. जायचं ते गेलेलं आहे. मुलं प्रबंध न्यायला येतात तेव्हा विचारतात, ताई, हा एकच छोटा का? मी म्हणते, त्याला पुरला तेवढा.

दुकानाचं शटर पूर्वी मी खाडकन वर ढकलायचे. सगळ्या गल्लीला कळायचं, झेरॉक्सताई आली. आता दोन्ही हात लावून हळूहळू चढवते, पट्टीपट्टीनं, एक हात पुढं जाऊ देत नाही, एक मागं राहू देत नाही. आत काळोख असतो. दिवा लावण्याआधी तशीच उभी राहून कान देते. काही ऐकू आलं नाही, की मग आत जाते.